एका गळ्यातली दोन माणसं

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चार जण राहतात, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे. खरं तर तिथे दोघंच राहत होते, यारोकाका आणि हानाकाकू. उरलेले दोघे लाकडाचे होते, दोऱ्यांच्या बाहुल्या, आणि कपाटातल्या दांडीला टांगलेले असत. पण मला त्यात खोटं काही वाटायचं नाही. शारजाच्या रोल्लामध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर होतं. मधल्या अरुंद पॅसेजमध्ये दिवसभर जे बोलणं ऐकू यायचं, त्यात त्या लाकडी दोघांचा वाटा जिवंत दोघांपेक्षा जास्त होता.

यारोकाकांचं खरं नाव यारोमिर. बाबांनी ते पहिल्याच दिवशी ‘यारो’ करून टाकलं आणि त्यांनाही ते आवडलं. ते चेक होते. एका सिमेंटच्या कारखान्यात मशिनरीचे इंजिनियर, उंच, कपाळावर कायम उन्हाने लाल झालेला पट्टा. बाबा बंदराजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. दोघांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, कामगारांकडून उचललेलं हिंदी आणि वर अरबीची फोडणी. एखाद्या गोष्टीवर दहा मिनिटं वाद घालून शेवटी दोघंही “खलास” म्हणायचे आणि हसायचे. वाद कशावरून होता हे दोघांनाही नीट कळलेलं नसायचं, असं आई म्हणायची.

त्या घराचा विचार केला की मला आधी एसीचा आवाज ऐकू येतो. खिडकीतला तो जुना एसी सुरू होताना खाकरायचा आणि बंद होताना उसासा टाकायचा. त्यामागे खाली रस्त्यावरचे हॉर्न, दुपारची अजान, कापडाचे तागे आपटल्याचा धपकन आवाज. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हानाकाकूंच्या स्वयंपाकघरातून येणारा लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्याचा वास. त्यांच्याकडे आलुबुखार आत घालून उकडायचे गोळे करतात. इथे हवे तसे आलुबुखार मिळेनात, म्हणून त्या खजूर घालायच्या. आईने पहिल्यांदा तो गोळा फोडून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हे तर मोदकच. फक्त नाक काढलेलं नाही.” मग आईने त्यांना पाऱ्या करून कळ्या कशा काढायच्या ते शिकवलं. हानाकाकूंना ते कधीच जमलं नाही. त्यांचे मोदक कायम टोपी घातल्यासारखे दिसायचे, आणि आम्ही ते लोण्यात बुडवून खायचो.

मी सध्या मुलाकडे दुबईत अल कुसैसला राहते. तिथून रोल्ला फार लांब नाही, पण ट्रॅफिक असा की मुलगा म्हणतो, आई, त्यापेक्षा पुण्याला लवकर पोहोचशील. मागच्या महिन्यात नातवाला त्या दोन लाकडी बाहुल्यांची, मात्यास आणि तोंकाची, गोष्ट सांगत होते. मात्यास रेल्वेचं फाटक सांभाळायचा, म्हटल्यावर तो म्हणाला, “आजी, व्हॉट इज फाटक?” मी समजावलं. तो म्हणाला, “व्हाय डिडन्ट ही जस्ट वॉक अराउंड इट?” मला हसू आलं, कारण सगळी गंमत त्यातच होती.

तो खेळ असा होता. मात्यास हा रेल्वे फाटकावरचा जाडा, झोपाळू माणूस. तोंका त्याची थोरली बहीण, विधवा, बारीक, टोकदार नाकाची. मात्यास फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. जेवण पलीकडे, बिछाना पलीकडे, बहीण पलीकडे. किल्लीसुद्धा पलीकडे. आजूबाजूला कुंपण नाही, काही नाही. दोन पावलं बाजूला सरकला तर घरी पोहोचेल. पण तो रेल्वेचा माणूस, फाटक बंद असताना रूळ ओलांडायचा नाही हा नियम. आणि तोंका त्याला त्या फाटकावरून तासभर सुनावते. दोघांचे आवाज एकाच माणसाच्या गळ्यातून यायचे. यारोकाका मात्यासच्या दोऱ्या धरायचे, हानाकाकू तोंकाच्या, पण बोलायचे फक्त यारोकाका. एक आवाज विहिरीतून आल्यासारखा, दुसरा कात्रीसारखा. मध्ये श्वास कुठे घेतात ते मला कधी कळलं नाही.

हा खेळ त्यांनी रचलेला नव्हता. त्याची हकिगत ते शुक्रवारी दुपारी जेवणानंतर सांगायचे, आणि दर वेळी थोडी वेगळी सांगायचे. त्यांच्या गावात आगगाडीचे डबे बनवणारा एक सुतार होता. त्याने आधी एकटा मात्यास कोरला. पण मात्यास एकटाच बडबडायचा आणि मुलं रडायची. मग उरलेल्या त्याच लाकडातून त्याने बहीण केली. बहिणीचा आवाज दुसऱ्या माणसाने काढायचा ठरलं होतं. तो माणूस पहिल्याच दिवशी दारू पिऊन कुठेतरी पडला. सुतारानेच दोन्ही आवाज काढले, लोक हसून लोळले, आणि तेव्हापासून तोच रिवाज झाला. एक गळा, दोन माणसं. सुतार म्हातारा झाल्यावर त्याने तो आवाज एका शाळामास्तरला दिला. “दिला म्हणजे?” बाबांनी विचारलं. “दिला,” यारोकाका म्हणाले. “बाकीच्यांनी तो काढायचा नाही.” लढाईच्या काळात बाहुल्या एका बेकरीत पिठाच्या पेटीत लपवून ठेवल्या होत्या. पुढे रेडिओवर दर रविवारी ते दोघं भांडायचे आणि अख्खा देश जेवण थांबवून ऐकायचा.

यारोकाका नोकरी सांभाळून पंधरा वर्षं त्या मास्तरांच्या हाताखाली दोऱ्या ओढत होते. सगळ्यांना वाटत होतं, पुढचा गळा यांचाच. मास्तर गेल्यावर बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या त्यांच्या मंडळाच्या वरच्या लोकांनी तो दुसऱ्याला दिला. का, ते यारोकाका सांगत नसत. एकदाच म्हणाले, “मी एका माणसाच्या विरोधात सही केली नाही.” मग त्यांनी एका मित्राकडून तशाच दोन बाहुल्या कोरून घेतल्या, परदेशातली नोकरी धरली आणि इथे आले. इथे त्यांना कोणी अडवणार नव्हतं. इथे मात्यास-तोंका कोण हेच कोणाला माहीत नव्हतं. ते आवाज ते आमच्या पॅसेजमध्ये काढायचे, मोडक्या इंग्रजीत. आईने तोंकाला खणाची चोळी शिवून दिली होती, ती घालून तोंका जास्तच फणकारायची.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबांना नकला यायच्या. ऑफिसमधला मॅनेजर, बकालातला, म्हणजे खालच्या किराणा दुकानातला, मलबारी, व्हिसा ऑफिसातला तो कंटाळलेला कारकून, कोणीही. पण ते फक्त घरात, दार लावून. मात्यास आणि तोंका त्यांनी वर्षभरात असे उचलले की एकदा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “यारोभावजी आलेत का? चहा टाकू?” आणि बाहेर आली तर सोफ्यावर बाबा एकटेच. आम्ही पोट धरून हसलो. आईने मात्र दाराकडे पाहिलं. “त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका हं,” ती म्हणाली. “मला काय कळत नाही?” बाबा म्हणाले. “जिवंत माणसाचा सदरा असा अंगात घालू नये.” तरीही ते घालायचे. आम्हाला हसवायला.

मी पंधरा वर्षांची असताना एका सकाळी यारोकाका कारखान्यात कोसळले. अर्धांगवायू. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. शब्द गेले की आवाज, ते आम्हाला आधी कळेना. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण बाहेर येत नाही. हळूहळू काही परत येईल, इन्शाल्ला. पाय थोडा परत आला. हातात चमचा धरता येऊ लागला. तोंडातून मात्र नुसता “तो, तो, तो” असा आवाज यायचा. ते हानाकाकूंकडे बघून “तो, तो” म्हणत राहायचे आणि काकू एकेक वस्तू उचलून दाखवायच्या. पाणी? उशी? खिडकी? ते मान हलवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवसांत मी शाळेतून परस्पर हॉस्पिटलात जायचे, आईने दिलेला डबा घेऊन. एके दुपारी हानाकाकू बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. त्यांनी डबा मांडीवर घेतला, उघडला नाही. म्हणाल्या, “घरात किती शांत आहे माहीत आहे तुला? मी कपाट उघडते तर ते दोघं गप्प. इतक्या वर्षांत कधी गप्प नव्हते.” मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मी लहान होते आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, “काकू, बाबांना येतो तो आवाज. दोन्ही येतात. अगदी तसेच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला आजही नीट सांगता येत नाही. तहानलेल्या माणसाला नळाचा आवाज ऐकू यावा, तसं काहीतरी.

एका भारतीय शाळेत दर वर्षी मुलांची जत्रा भरायची आणि यारोकाका तिथे खेळ करायचे. ती तारीख जवळ आली होती. काका घरी आले होते. काठी घेऊन चालत होते. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने स्वतःच कपाट उघडलं आणि मात्यासला खाली काढलं. डाव्या हाताने तो चालायलाही लागला, जरा लंगडत. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, करू द्या. मग हानाकाकू आमच्याकडे आल्या, जत्रेत यंदाही खेळ करायचा म्हणाल्या.

“बोलायचं कोणी?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही,” काकू म्हणाल्या. “मला माहीत आहे, तुम्हाला येतं.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचे ग्लास उचलून आत गेले. आतून मला बाबांचं ऐकू येत होतं. “नाही भाभीजी, तो आवाज नाही. मी पेपर वाचल्यासारखं साधं वाचेन, निवेदन म्हणून. मात्यास म्हणाला असं-असं, तोंका म्हणाली असं-असं. यारो हो म्हणाला तर.”

यारोकाका हो म्हणाले. म्हणजे मान हलवली. त्यांच्या हॉलमध्ये चार दिवस तालीम झाली. बाबा चष्मा लावून, कागद धरून, स्टोअरची यादी वाचावी तसं वाचायचे. काका डाव्या हाताने मात्यासला चालवायचे आणि वाचन संपलं की बाबांच्या पाठीवर थाप मारायचे. शेवटच्या दिवशी ते हसलेसुद्धा, तोंडाच्या एका बाजूने.

शुक्रवारची सकाळ होती. हॉलमध्ये तीनेकशे मुलं जमिनीवर बसलेली, आईबाप मागे खुर्च्यांवर. मी आईबरोबर मुलांमध्येच, तिसऱ्या रांगेत. पडदा उघडला, फाटक दिसलं, मात्यास लंगडत आला, आणि बाबांचा आवाज सुरू झाला. “मात्यासने फाटक लावले. त्याने कुलूप घातले,” असं सगळं साध्या इंग्रजीत. मुलांनी पाच मिनिटं ऐकलं. मग चुळबुळ सुरू झाली. कोणी तरी मोठ्याने जांभई दिली. माझ्या पुढचा मुलगा मागे वळून मित्राशी बोलायला लागला. एक बाई उठून बाहेर गेल्या. बाहुल्यांच्या मागच्या पडद्यावरून काकांचं कपाळ दिसत होतं, घामाने भिजलेलं. मला वाटलं आता हे संपावं. मला वाटलं बाबांनी काहीतरी करावं.

पडद्यामागे काय झालं ते आईने बाबांकडून नंतर काढून घेतलं. हानाकाकू तोंकाच्या दोऱ्या धरून बाबांच्या शेजारीच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “प्लीज.” एकदाच.

आणि तोंका बोलली. तीच कात्री. “मात्यास! तू त्या बाजूला काय करतोयस?” मग विहिरीतला तो आवाज, “मी? मी नियमात आहे.” मुलं एकदम गप्प झाली आणि पुढच्या क्षणी हसली. बाबा हिंदीत घुसले, पुन्हा इंग्रजीत आले, तोंका “यल्ला, घर आ जा” म्हणाली आणि अख्खा हॉल हशात बुडाला. मीसुद्धा हसले. आईने माझा हात घट्ट धरला तेव्हा मी रंगमंचाकडे नीट पाहिलं.

मात्यास थांबला होता. फाटकाजवळ उभा, एक पाय उचललेला. तो पाय खाली आला नाही. मुलांना वाटलं हाही खेळच, ती आणखी हसली. बाबांना पडद्यामागून कळलं असावं, पण थांबायचं कसं हे त्यांना कळेना. ते मात्यासच्याच आवाजात म्हणाले, “मी विचार करतोय.” हशा. “मला विचार करू दे, तोंका.” आणखी हशा. मग मात्यास हळूहळू खाली बसला. गुडघे दुमडले, मग कंबर, मग डोकं छातीवर आलं. दोऱ्या त्याच्या अंगावर एकेक करून पडल्या. पडद्याच्या वर दिसणारं कपाळ दिसेनासं झालं. तोंका एकटीच चोळी घालून फाटकाच्या पलीकडे लटकत राहिली. बाबांचा आवाज मध्येच तुटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, खूप वेळ.

आम्ही मागे गेलो तर यारोकाका जिन्याच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाबा त्यांच्यामागे उभे. दोघांपैकी कोणालाच बोलता येत नव्हतं. एकाला आजाराने, दुसऱ्याला लाजेने. हानाकाकू बाहुल्या गुंडाळत होत्या. आई पुढे झाली, काकांच्या खांद्यावर तिने हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. पण वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी समोरचं दार वाजवायचे. काकू दार उघडायच्या. काका खुर्चीत बसलेले असायचे, टीव्ही लावून, आवाज बंद करून. बाबा तासभर बसून परत यायचे. “काय बोललात?” आई विचारायची. “काही नाही. काय बोलणार,” बाबा म्हणायचे. एकदा त्यांनी सॉरी म्हटलं होतं. काकांनी डावा हात वर करून हवेत नुसता हलवला. त्याचा अर्थ असू दे असा होता, की जा असा होता, यावर बाबा आणि आई कितीतरी दिवस बोलत राहिले.

मग काकांच्या कंपनीने कळवलं. काम करू शकत नाही म्हणून नोकरी संपली, नोकरी संपली म्हणून व्हिसा संपला. महिनाभरात देश सोडायचा. बाबा त्यांच्या ओळखीच्या, व्हिसाची कामं करणाऱ्या एका पीआरओकडे गेले, मग आणखी एकाकडे. दोघांनीही चहा दिला आणि मान हलवली. इथे आम्ही सगळेच असे राहतो, हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं आणि समोरच्या दारातून खोकी बाहेर निघताना बघणं यात फरक असतो. आईने त्यांच्या प्रवासासाठी थालीपीठं केली. काकूंनी ती वासासाठी नाकाजवळ धरली आणि रडल्या.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली थांबली होती. यारोकाका पॅसेजमध्ये आले आणि बाबांसमोर उभे राहिले. त्यांनी बाबांच्या गळ्याला दोन बोटं लावली. मग स्वतःच्या कानाला. पुन्हा बाबांच्या गळ्याला. “तो,” ते म्हणाले. “तो, तो.”

हानाकाकू म्हणाल्या, “ते म्हणताहेत, बोला. एकदा. मात्यासचं.”

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मी पाहिलं. त्यांनी खरोखर प्रयत्न केला. घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. काहीच आलं नाही. काका वाट बघत होते. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. बाबा शेवटी स्वतःच्याच, घोगऱ्या आवाजात म्हणाले, “यारो, नहीं होता.” काकांनी मान हलवली, काठी पुढे टाकली आणि एकेक पायरी उतरायला लागले. त्यानंतर बाबांनी घरात कोणाचीही नक्कल केली नाही.

पुढे दर वर्षी हानाकाकूंचं कार्ड यायचं. मग मधली बरीच वर्षं काही नाही. माझं लग्न झालं, बाबा निवृत्त होऊन आईला घेऊन पुण्याला गेले. तिथे त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सोबतीला गेले होते, आणि त्याच आठवड्यात हानाकाकूंचं पत्र आलं, जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत. बाबांच्या डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याने अक्षर लागत नव्हतं. मी पलंगाशेजारी बसून इंग्रजीतून मराठी करत वाचलं. यारोकाका हिवाळ्यात गेले होते, झोपेत. शेवटपर्यंत बोलले नाहीत. हॉलमधल्या त्या सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं, आवाज परत येईल. तो दुसऱ्याच्या तोंडून आला तेव्हा त्यांना कळलं, आता येणार नाही. पुढे लिहिलं होतं: तुम्ही साधं वाचणार होता. मी प्लीज म्हटलं. मी त्यांच्यासाठी म्हटलं नव्हतं, मुलांसाठीही नाही. मला तो आवाज एकदा ऐकायचा होता. मला स्वतःला.

‘मी प्लीज म्हटलं’ या ओळीच्या आधी आणखी एक ओळ होती. ‘तुमच्या मुलीने मला हॉस्पिटलात सांगितल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.’ ती मी वाचली नाही. सरळ पुढच्या ओळीवर गेले.

आठ दिवसांनी पट्टी निघाली. पत्र मी लपवलं नव्हतं, टेबलावरच होतं. दुपारी चहा घेऊन गेले तर ते त्यांच्या हातात होतं.

“तू एक ओळ गाळलीस,” ते म्हणाले.

“हो.”

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतला, गार केला, प्यायले. मी उभीच होते.

“उत्तर तू लिही,” ते म्हणाले. “मला जमायचं नाही.”

मलाही जमलं नाही. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, पत्र मिळालं, वाईट वाटलं, आम्ही इकडे सगळे बरे आहोत, उकाडा फार वाढलाय. ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ठीक आहे, टाक पोस्टाच्या पेटीत.